उजव्या छातीवरची पदकं

जुलै संपत आला की भाड्यानं कपडे देणाऱ्या दुकानांत लष्करी गणवेशांना मागणी येते. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा शर्ट, प्लास्टिकची बंदूक, काजळानं काढलेली मिशी असा सगळा सरंजाम अंगावर चढवून २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, सकाळी दुसरी-तिसरीची मुलं शाळेच्या सभागृहात दाखल होतात. मैदानात पाऊस असतो. ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ असं म्हणून एक मुलगी भाषण सुरू करते. तोलोलिंग, द्रास, टायगर हिल ही नावं एका दमात होतात आणि पाठांतराची गाडी एकदाही न अडखळता ‘जय हिंद’पर्यंत पोचते. मग नाच. शेवटच्या कडव्यावर चार-पाच जवान कोसळतात, पालकांचे मोबाइल वर जातात, टाळ्या पडतात आणि पडलेले जवान उठून आईकडे धावतात. मुंबईत आणखी एक गुंता आहे. तिथं २६ जुलै म्हटलं की मोठ्यांना आधी २००५चा पूर आठवतो, कारगिल नंतर.

अशा कार्यक्रमाची टिंगल करणं सोपं आहे आणि अन्यायाचंही. अभ्यासक्रम, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरण्याची कामं आणि निवडणुकीच्या याद्या यांतून वेळ काढून शिक्षक तो बसवतात. त्यात मनापासूनचं प्रेम असतं, आणि पडदा पडताना शेवटच्या रांगेतले आजोबा खरोखर डोळे पुसत असतात. अडचण मुलांना दिलेल्या भूमिकेत आहे. त्या दिवशी वर्गातलं प्रत्येक मूल सैनिक होतं. ज्यांच्यासाठी तो सैनिक गेला, ज्यांना मागे ठेवून गेला, ती माणसं मात्र रंगमंचावर कुठेच नसतात. मुलं खऱ्या आयुष्यात असतात ती याच माणसांपैकी.

ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये २५ एप्रिलला ‘अँझॅक डे’ पाळतात. १९१५ साली त्या दिवशी त्यांचे सैनिक तुर्कस्तानात गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले होते. पहाटे अंधारात लोक स्मारकांपाशी जमतात आणि त्यांत शाळकरी मुलंही पुष्कळ असतात. अनेकांच्या अंगावर पणजोबांची पदकं लटकत असतात. तिथला संकेत असा की स्वतः मिळवलेली पदकं छातीच्या डाव्या बाजूला लावायची आणि वारशानं आलेली उजव्या बाजूला. नेहमीच्या स्वेटरवर उजवीकडे पदक लावलेली आठ वर्षांची मुलगी पाहणाऱ्याला काही न बोलता सांगते, की हे माझं नाही, ज्याचं आहे तो इथं नाही, आणि त्याच्या वतीनं मी आले आहे. तिला मिशी काढावी लागत नाही की पडून दाखवावं लागत नाही.

या लेखाचं म्हणणं एवढंच, की स्मरणाच्या दिवशी मुलाला सैनिकाच्या जागी उभं करण्याऐवजी मागे राहिलेल्यांच्या जागी उभं करावं. हे ऐकायला साधं वाटतं. पण ते खरोखर करायला गेलं तर कार्यक्रमपत्रिकेतला बराच भाग बदलावा लागतो आणि मोठ्यांनाही काही अवघड गोष्टींना तोंड द्यावं लागतं.

पहिली गोष्ट नावाची. चौथीला ‘शिवछत्रपती’चं पुस्तक अभ्यासलेल्या कोणालाही सिंहगडच्या लढाईचं साल विचारा, बहुतेकांची दांडी उडेल. १६७० हे आकडे कधीच विरून गेलेले असतात. रायबाचं लग्न मात्र कोणी विसरत नाही. मुलाच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आलेला बाप ते लग्न बाजूला ठेवून लढाईला जातो, एवढ्या एका तपशिलानं तानाजी मालुसरे साडेतीनशे वर्षं महाराष्ट्राच्या घराघरांत जिवंत राहिले. त्या गोष्टीत शौर्याइतकंच महत्त्व राहून गेलेल्या लग्नाला आहे. आजच्या सैनिकांची गोष्ट सांगताना नेमकं हे लग्न गळतं आणि शौर्य तेवढं उरतं. एकट्या शौर्याचे सगळे चेहरे सारखे दिसतात.

कारगिलमध्ये ५२७ भारतीय सैनिक कामी आले. भाषणात हा आकडा हमखास असतो आणि नऊ वर्षांच्या मुलाच्या दृष्टीनं तो गणिताच्या वहीतल्या कुठल्याही आकड्यासारखा असतो. त्याऐवजी कॅप्टन विक्रम बात्रा आणि लेफ्टनंट मनोजकुमार पांडे हे दोघंही गेले तेव्हा चोवीस वर्षांचे होते, एवढं सांगितलं तर चित्र पालटतं. चोवीस वर्षांचा दादा किंवा मामा बहुतेक घरांत असतो. तो स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतो, नाहीतर गाडीच्या हप्त्यांवरून घरच्यांशी वाद घालत असतो. मूल लगेच हिशेब करतं.

दुसरं उदाहरण कॅप्टन विजयंत थापर यांचं. राजपुताना रायफल्सचे हे अधिकारी २९ जून १९९९ला नोल नावाच्या टेकडीवरच्या हल्ल्यात गेले, वय बावीस. हल्ल्यापूर्वी त्यांनी घरी पत्र लिहून ठेवलं होतं. त्यात आपले जे अवयव घेता येतील ते घ्यावेत असं होतं, अनाथाश्रमाला काही पैसे द्यावेत असं होतं, आणि काश्मीरमधल्या एका लहान मुलीला दर महिन्याला पन्नास रुपये पाठवत राहावेत असंही होतं. अतिरेकी हिंसाचारात वडील गमावलेली ही मुलगी बोलेनाशी झाली होती आणि थापर यांनी तिच्याशी मैत्री केली होती. महिन्याला पन्नास रुपये म्हणजे किती, हे तिसरीतल्या मुलाला मोठ्या माणसापेक्षा बरोबर कळतं. ती त्याच्या ओळखीची रक्कम आहे. टोकावर चढून जायला निघालेल्या माणसाच्या मनात त्या वेळी ती मुलगी होती, हे ऐकलेल्या मुलाला ‘देशासाठी’ या शब्दात नेमकी कोण कोण माणसं येतात याची थोडी कल्पना येते.

कर्नल संतोष महाडिक साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे, साताऱ्याच्याच सैनिकी शाळेत शिकलेले. १७ नोव्हेंबर २०१५ला कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना त्यांना मरण आलं. तिथल्या तरुणांना खेळांकडे वळवण्यासाठीही ते धडपडत होते. साताऱ्यातल्या शाळेत त्यांच्याबद्दल सांगताना चकमकीइतकाच वेळ या धडपडीला द्यायला काय हरकत आहे?

नाव नसलं तर काय होतं, हे आपल्या गावांइतकं कोणाला माहीत असणार! पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारनं गावोगावी संगमरवरी पाट्या बसवल्या. अशा पाटीवर बहुधा दोन आकडे असतात, गावातून युद्धावर किती गेले आणि त्यांतले किती मेले. नावं नाहीत. पाटी चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत अजून शाबूत असते, पण हे आपलेच पणजोबा असतील का, हे सांगण्याची सोय तिनं ठेवलेली नाही.

इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकाची गोष्ट याहून बोचरी आहे. १९१४ ते १९२१ या काळात मेसोपोटेमियात मेलेल्या चाळीस हजारांवर सैनिकांसाठी ते उभारलं. कूतच्या वेढ्यात अडकून २९ एप्रिल १९१६ला शरण जावं लागलेल्या फौजेत मराठा पलटणीही होत्या आणि त्या मोहिमेत सातारा-रत्नागिरीकडचे कितीतरी लोक गेले. पण त्या स्मारकावर नावं कोरली गेली ती गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची. साध्या हिंदी शिपायांचे पलटणीनुसार आकडे घातले. ज्या आयोगानं हे केलं त्याचं ब्रीदच होतं, की हुद्दा न पाहता प्रत्येक मृताचं नाव जपलं जाईल. एप्रिल २०२१मध्ये त्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं स्वतःच्या चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला. निदान एक लाख सोळा हजार मृतांची, आणि कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची, नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच नोंद झाली नाही, असं त्यात मान्य केलं आणि माफी मागितली. हे सैनिक प्रामुख्यानं आफ्रिका आणि मध्यपूर्वेकडचे होते. शंभर वर्षांनी मागितलेल्या माफीचं करायचं काय, हा प्रश्न आठवीच्या वर्गात वादाला घालण्यासारखा आहे. मुलं न्याय-अन्यायाबद्दल फार काटेकोर असतात.

आणि नावं कोरलेली असली तर काय घडू शकतं? भीमा कोरेगावचा स्तंभ इंग्रजांनी आपल्या विजयाची खूण म्हणून उभारला. १ जानेवारी १८१८च्या लढाईत मेलेल्या कंपनीच्या शिपायांची नावं त्यांनी त्यावर घातली. त्यांतल्या बावीस नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. त्यावरून महार समाजाच्या पुढच्या पिढ्यांनी आपली माणसं ओळखली. १९२७च्या पहिल्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं गेले आणि कंपनी सरकारच्या कौतुकाचा तो दगड एका समाजाच्या स्वाभिमानाचा झाला. लढाईच्या अर्थाबद्दल आजही मतभेद आहेत आणि ते असोत. पण दगडावर नुसता आकडा असता तर हा वाद घालायलाही कोणी उरलं नसतं.

दिल्लीतलं राष्ट्रीय युद्धस्मारक २५ फेब्रुवारी २०१९ला खुलं झालं. इंडिया गेटजवळच्या या स्मारकात त्यागचक्र नावाचं वर्तुळ आहे. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून जास्त सैनिकांची नावं तिथं ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर कोरलेली आहेत. जनरल आणि शिपाई यांच्या विटा एकाच मापाच्या. शाळेच्या सहली दिल्लीला गेल्या की मुलं तिथं जातात, ज्योतीपुढे समूहछायाचित्र काढतात आणि बसमध्ये बसतात. निघण्यापूर्वी प्रत्येक मुलाला आपल्या जिल्ह्यातलं एक नाव, हुद्दा आणि पलटण कागदावर लिहून दिली, आणि ती वीट शोधून काढायला सांगितलं तर? अर्धा तास शोधण्यात जाईल, दोघं-तिघं रडकुंडीला येतील. पण पुढे कधी विचारलं तर त्यांना ती वीट कुठल्या भिंतीत होती हे सांगता येईल.

दिल्लीला जाणं परवडत नसेल तरी बिघडत नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जण गेले आणि त्यांचं स्मारक गावात आहे. शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळी आहे. त्याहून जुनं हवं असेल तर वीरगळ आहेतच. महाराष्ट्रात असा तालुका विरळा जिथल्या एखाद्या जुन्या शिवमंदिराच्या आवारात वीरगळ उभी किंवा आडवी पडलेली नाही. ती खालून वर वाचायची असते. तळाच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला वर घेऊन जाणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा करणारा तोच वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चित्रकथा वाचायची सवय असलेल्या मुलांना हे दोन मिनिटांत उलगडतं. तळाशी गाई कोरलेल्या असतील तर हा माणूस गावाची गुरं सोडवताना मेला असणार, असा अंदाज मुलं स्वतःच बांधतात. बऱ्याच वीरगळांवर नाव नसतं. तेव्हा ‘याचं नाव काय असेल?’ हा प्रश्न येतोच आणि तिथून गावच्या चावडीतल्या संगमरवरी पाटीकडे जायला एक पाऊल पुरतं. एरवी या दगडांना शेंदूर फासून देव केलेलं असतं किंवा त्यांच्यावर कपडे धुतलेले असतात. पुरातत्त्वाच्या पुस्तकांतून त्यांना बाहेर काढण्यासाठी २६ जुलैसारखा दुसरा दिवस सापडणार नाही.

नाईक यशवंत घाडगे यांचं उदाहरण शिक्षकांनी हाताशी ठेवावं असं आहे. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातला हा बावीस वर्षांचा तरुण मराठा लाइट इन्फंट्रीतून इटलीत लढत होता. १० जुलै १९४४ला वरच्या टायबर खोऱ्यात मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या तुकडीतले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटेच त्या मशीनगनवर चालून गेले, ती बंद पाडली आणि लगेचच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कुठे आहे हे माहीत नाही, त्यांचं नाव कॅसिनोच्या स्मारकावर आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. २०२३च्या जुलैमध्ये इटलीतल्या मोंतोने या गावानं त्यांच्या नावानं एक सूर्यघड्याळ उभारलं, त्यावरच्या ओळीचा आशय असा की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ज्या गावाची भाषा घाडगे यांना येत नव्हती त्या गावाला पाऊणशे वर्षांनंतरही ते आपले वाटले. आपल्याकडे पुतळ्याला वर्षातून दोनदा हार पडतो. पुतळा मुलांना बनवता येत नाही, सूर्यघड्याळ येतं. एक काठी, एक फरशी आणि ढग नसलेला दिवस मिळाला की झालं. अर्थात जुलैत कोकणात तो दिवस मिळणं अवघड, त्यासाठी डिसेंबरची वाट पाहावी लागेल.

आता मरणाबद्दल. मोठी माणसं इथंच बिचकतात. ‘लहान मुलांना कशाला सांगायचं’ हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि वयाचा विचार करायलाच हवा. हंगेरीतल्या मानसशास्त्रज्ञ मारिया नॅगी यांनी बुडापेस्टच्या मुलांशी बोलून १९४८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला, तो अजूनही या विषयाचा पाया मानतात. पाच वर्षांखालच्या मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो, गेलेला माणूस परत येईल असं ती धरून चालतात, असं त्यांना आढळलं. मरण कायमचं असतं आणि सगळ्यांना येतं, ही समज त्यांच्या मते नवव्या वर्षाच्या सुमारास पक्की होते. नंतरच्या संशोधकांनी ते वय बहुतेक मुलांच्या बाबतीत पाच ते सातपर्यंत खाली आणलं. आता स्नेहसंमेलनातल्या अशाच नाचाकडे पाहावं. शिशुवर्गातली मुलं गोळी लागून पडतात आणि गाणं संपताच उठून बसतात. मरणाबद्दलचा त्या वयाचा नेमका गैरसमज आपण तालासुरात घोटवून घेतो.

म्हणून शिशुवर्गाला युद्ध नको. त्यांच्यासाठी एक फूल आणि ‘हे काका आपल्यासाठी खूप लांब काम करत होते, आता ते नाहीत’ एवढं वाक्य पुष्कळ झालं. चौथीनंतर मात्र ‘ते आकाशात तारा झाले’ म्हणणं बंद करावं. मुलं विचारतात, त्यांना लागलं का, त्यांना भीती वाटली असेल का, त्यांच्या मुलांना कोणी सांगितलं. भीतीच्या प्रश्नाला ‘जवानांना भीती वाटत नाही’ हे उत्तर ठरलेलं असतं. ते खोटं आहे आणि अपमानकारकही आहे, कारण भीतीच नव्हती असं म्हटलं की धैर्यालाही काही अर्थ उरत नाही. शिक्षकानं ‘वाटली असेल, तरी गेले’ म्हणून गप्प बसावं. वर्गातली ती शांतता कोणत्याही गीतापेक्षा जास्त काम करते.

ज्या गावात जवानाचं पार्थिव येतं तिथली मुलं हे सगळं पुस्तकाबाहेर पाहतात. त्या दिवशी दुकानं बंद असतात, रस्त्यावर रांगोळ्या काढलेल्या असतात, फुलांनी सजवलेल्या ट्रकमागे अख्खा तालुका लोटतो. शाळेच्या गणवेशातली मुलं दोन्ही बाजूंना झेंडे घेऊन तासन्‌तास उभी केलेली असतात. ‘अमर रहे’च्या घोषणा, हवेत झडणाऱ्या फैरी, घडी घालून पत्नीच्या हातात दिलेला तिरंगा. दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा वर्गात त्यावर बहुधा एक शब्दही निघत नाही, नेहमीचा पाठ पुढे चालू होतो. खरं तर तास त्याच दिवशी घ्यायला हवा.

काही वर्गांत त्या जवानाचा मुलगा किंवा मुलगी बसलेली असते, आणि आपल्या प्रेमाची खरी परीक्षा तिथं होते. २६ जुलै, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, दर वेळी त्या मुलाला पुढे बोलावून हार घालायचा, वडिलांबद्दल चार शब्द बोलायला लावायचे, ही पद्धत क्रूर आहे. करणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी. नऊ वर्षांच्या पोराला वडिलांची आठवण माइकवर मागू नये. वीरपत्नी आणि वीरमातांचंही तेच. शाल-श्रीफळ द्यायचं आणि मग प्रमुख पाहुण्यांच्या तासभराच्या भाषणात त्यांना व्यासपीठाच्या कडेच्या खुर्चीत बसवून ठेवायचं. त्यांना दोन-चार मुलांबरोबर एका खोलीत बसवून ‘ते लहानपणी कसे होते?’ एवढं विचारलं, तर कितीतरी जणी मनापासून बोलतील. बोलायचं नसेल तर तसं म्हणण्याची मोकळीकही त्या खोलीत असेल. राष्ट्रीय युद्धस्मारकात संध्याकाळी एखाद्या हुतात्म्याच्या नातलगांच्या हस्ते पुष्पचक्र वाहण्याची प्रथा सुरू झाली आहे. तिथं भाषण नसतं. तालुक्याच्या पातळीवर ही प्रथा आणायला कुठल्या सरकारी आदेशाची वाट पाहायला नको.

यापुढचा मुद्दा काही वाचकांना रुचणार नाही. स्मरणाच्या दिवशी शत्रूबद्दल काय सांगायचं? ‘चीड हवीच, नाहीतर मुलं मऊ होतील’ असं एक म्हणणं आहे. दुसऱ्या टोकाला असं म्हणणारे आहेत की सैनिकांचे असे दिवस पाळणंच मुळात युद्धाचा गौरव आहे. ब्रिटनमध्ये हा वाद जुना आहे. ११ नोव्हेंबरला सैनिकांच्या स्मरणार्थ लावायच्या लाल पॉपीला पर्याय म्हणून तिथल्या स्त्रियांच्या सहकारी संघटनेनं १९३३मध्ये पांढरी पॉपी काढली आणि दोन्ही फुलं आजही एकमेकांकडे रागानं पाहतात. या दोन्ही बाजूंनी सैनिकांचं ऐकलं तर बरं होईल, कारण त्यांचं वागणं दोन्हीपेक्षा वेगळं निघतं.

सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांचा जन्म पुण्याचा, पलटणही पूना हॉर्स. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या रणगाड्यांच्या लढाईत ते गेले, तेव्हा एकवीस वर्षांचे होते. त्यांना परमवीरचक्र मिळालं. तीस वर्षांनी, २००१मध्ये, त्यांचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल आपली जन्मभूमी पाहायला पाकिस्तानात गेले. लाहोरला त्यांची सरबराई केली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी. निघायच्या आधीच्या रात्री नासेर यांनी त्यांना सांगितलं, की अरुणच्या रणगाड्यावर शेवटचा गोळा टाकणारा मीच होतो आणि तुमच्या मुलाचं शौर्य मी विसरलेलो नाही. त्या बापानं हे ऐकून घेतलं आणि दोघं मित्र म्हणून निरोप घेऊन वेगळे झाले. कारगिलमध्येही असं घडलं. टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानी कॅप्टन कर्नल शेर खान (‘कर्नल’ हे नावच, हुद्दा नव्हे) यांच्या खिशात भारताचे ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी चिठ्ठी ठेवली, की हा माणूस शौर्यानं लढला. पुढे शेर खान यांना पाकिस्ताननं सर्वोच्च शौर्यपदक दिलं. लढताना जराही हात आखडता न घेतलेल्या माणसांची ही वागणूक आहे. ज्यानं समोरून गोळी झेलली त्यानं द्वेष बाजूला ठेवला असेल, तर सभागृहात बसून मुलांना तो शिकवण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो?

सन्मान गेलेल्यांचा करताना परत आलेल्यांचा विसर पडतो, हीही आपली खोड आहे. टायगर हिलच्या लढाईसाठी ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांना परमवीरचक्र जाहीर झालं तेव्हा ते मरणोत्तर म्हणूनच जाहीर झालं होतं. एकोणीस वर्षांचे यादव तेव्हा रुग्णालयात उपचार घेत होते आणि घोटाळा त्यांच्याच पलटणीतल्या त्याच नावाच्या दुसऱ्या जवानामुळे झाला होता. परमवीर म्हणजे मेलेलाच असणार, हे आपण किती सहज धरून चालतो! पुण्यात खडकीला १९१७ साली स्थापन झालेली क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे, तिथं अपंगत्व आलेल्या सैनिकांना नवे व्यवसाय शिकवतात. जवळच १९७४पासून अंग लुळं पडलेल्या सैनिकांसाठी पुनर्वसन केंद्र आहे. तिथले काही जण तोंडात कुंचला धरून चित्रं काढतात. पुण्यातल्या शाळांच्या सहली सिंहगडावर जातात, पानशेतला जातात. रीतसर परवानगी घेऊन खडकीला जाणाऱ्या शाळा थोड्या असतील. मुलांना चाकाच्या खुर्चीतल्या माणसाशी काय बोलावं हे सुरुवातीला कळणार नाही. पाचव्या मिनिटाला कोणीतरी बुद्धिबळाचा पट मागेल.

मुलांच्या हातात खरं काम देणारा एक दिवस आपल्याकडे १९४९पासून आहे, तो ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन. लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तीन पट्टे असलेलं चिमुकलं ध्वजचिन्ह शाळेत येतं, मुलं घरून पैसे आणतात, शिक्षक यादी करतात आणि रक्कम जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जाते. पैसे देणारं मूल त्या ध्वजाचं करतं काय? कंपासपेटीत टाकतं. हे पैसे वीरपत्नींच्या मदतीला, माजी सैनिकांच्या मुलांच्या वसतिगृहांना, शिष्यवृत्त्यांना जातात, हे त्याला कोणी सांगत नाही. पैसे गोळा होण्याच्या आधी एक तास याच्यावर घालवला आणि कार्यालयातल्या एखाद्या माजी सैनिक कर्मचाऱ्याला बोलावून ‘या पैशांचं पुढे काय होतं?’ असं मुलांना विचारू दिलं, तर हिशेब मागण्याची चांगली सवयही लागेल. असा प्रश्न ऐकून कोणी नाराज होईल असं वाटत नाही, उलट इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही याचंच आश्चर्य वाटेल.

मुंबई-ठाण्यातल्या शाळा यावर म्हणतील की आमच्याकडे वीरगळ नाही, संगमरवरी पाटी नाही आणि सोसायटीत फौजेतलं कोणी नाही. त्यांच्याजवळ मुंबईवरच्या अतिरेकी हल्ल्याचा २६ नोव्हेंबर आहे. ताज हॉटेलात २८ नोव्हेंबर २००८च्या पहाटे मेजर संदीप उन्नीकृष्णन गेले. त्यांचं कुटुंब मूळचं केरळचं, घर बंगळूरला. वय एकतीस. त्याच दिवशी नरीमन हाउसमध्ये हवालदार गजेंद्रसिंह बिष्ट गेले, ते उत्तराखंडचे. दोघं सैन्यातून राष्ट्रीय सुरक्षा दलात आलेले, दोघांनाही अशोकचक्र मिळालं. कुलाब्यातल्या शाळेतून ती दोन्ही ठिकाणं पायी गाठता येतात. तिथं उभं राहून मुलांना एवढंच विचारावं, की या गावात ज्याचं घर नव्हतं असा माणूस इथवर का आला असेल. उत्तरं मुलांनी वहीत लिहावीत, आणि शिक्षकांनी ती तपासून गुण देऊ नयेत.